चौथ्या टॅबमधल्या मॅडम

लग्न होऊन मी नांदेडहून लातूरला आले, तेव्हा माझ्याजवळ कॉम्प्युटरचा एक डिप्लोमा होता आणि सासरी त्याचं काय करायचं हे कुणालाच माहीत नव्हतं. शेवटी सासऱ्यांनीच वाट काढली. आमच्या मागच्या गल्लीत मेडिकल प्रवेशाची तयारी करून घेणारा क्लास होता, त्या क्लासच्या सरांशी त्यांची ओळख होती. "सून रिकामी बसून राहिली घरी, तुमच्या ऑफिसात काही असंल तर बघा," असं ते बोलले आणि पुढच्याच आठवड्यात मी क्लासच्या इमारतीत खालच्या मजल्यावर, प्लॅस्टिकचं कव्हर घातलेल्या कॉम्प्युटरसमोर बसले.

सर फिजिक्स शिकवायचे, मॅडम बायोलॉजी. दोघं नवरा-बायको. केमिस्ट्रीला बाहेरून एक शिक्षक येत. सर उदगीरच्या कापड दुकानदारांच्या घरातले, बोलायला मोकळे, गल्ल्यावर बसून गिऱ्हाईक ओळखायची सवय अंगात मुरलेली. मॅडम नांदेडच्या, वडील शाळेत मास्तर. त्या कमी बोलायच्या, पण वर्गात उभ्या राहिल्या की त्यांचा आवाज माझ्या टेबलापर्यंत स्पष्ट यायचा. हृदयाचे कप्पे, झडपा, रक्त कुठून येतं आणि कुठं जातं, हे सगळं मी हजेरीपट टाईप करता करता शिकले.

क्लास कसा सुरू झाला ते सरांनीच मला पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं, अभिमानानं. भूकंप झाला तेव्हा त्यांचं नुकतंच लग्न झालं होतं. भाड्याच्या दोन खोल्यांत शिकवणी चालायची. त्या पहाटेनंतर शहरात कुणी छपराखाली झोपायला तयार नव्हतं, मग शिकायला कोण बसणार? तेव्हा मॅडमनी घरमालकाच्या मोकळ्या प्लॉटवर बांबू रोवून ताडपत्री बांधून घेतली, पत्र्याला काळा रंग दिला आणि त्यावर खडूनं शिकवायला लागल्या. जमीन पुन्हा हलली तर पळायला भिंत आडवी नको, म्हणून पोरं यायला लागली. "मी तर घाबरलो होतो," सर म्हणाले. "मी गावी जाऊ म्हणत होतो. हिनं ऐकलं न्हाई."

पुढं शहरच बदललं. बाहेरगावची पोरं दप्तर आणि गादीची वळकटी घेऊन उतरायला लागली. घरोघरी खोल्या भाड्यानं निघाल्या, मेस निघाल्या, चौकाचौकांत गुणवंतांच्या फोटोंचे फलक लागले. सरांच्या क्लासची इमारत उभी राहिली आणि तिच्या पाठीमागं मुलींचं वसतिगृह. ते मॅडम बघायच्या. पालक मुलींना ठेवायचे ते मॅडमना बघूनच.

क्लासची वेबसाईट मी बनवली होती. साधीच. एकच लांबलचक पान, त्यात सगळं एकाखाली एक. नेटकॅफेत ते पान उघडायला वेळ लागायचा आणि उघडलं तरी वसतिगृहाची माहिती शेवटी असल्यानं तिथपर्यंत कुणी पोचायचं नाही. एक दिवस सरांनी पुण्याच्या कुठल्याशा क्लासची साईट बघितली आणि खुर्ची ओढून माझ्याजवळ बसले.

"ताई, ह्यांच्यात बघा, वर बटणं हाईत. दाबलं की तेवढंच दिसतंय. बाकीचं जातंय कुठं?"

"कुठं जात नाही, सर. त्याच पानात असतं. फक्त लपवलेलं असतं."

"आपल्याला जमंल?"

मी म्हणाले, बघते. मला ते येत नव्हतं, पण शिकायची हौस होती. एका पानात चार भाग करायचे, प्रत्येकाला एक नाव द्यायचं, वर चार टॅब ठेवायचे; एक टॅब दाबला की त्याचा भाग उघडायचा आणि उरलेले तीन झाकायचे. ऐकायला सोपं. माझ्याकडून पहिल्यांदा चारही भाग एकदम उघडे राहिले, मग चारही गायब झाले. ज्या दिवशी चारही टॅब नीट चालले, त्या दिवशी मी एकटीच बसून ते कितीतरी वेळ दाबत राहिले. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, हॉस्टेल. आता फक्त मजकूर भरायचा होता.

मजकूर सरांनी स्वतः आणून दिला. त्यांनी दार लोटून घेतलं तेव्हाच मला जरा विचित्र वाटलं. फिजिक्समध्ये सरांचा फोटो. केमिस्ट्रीत केमिस्ट्रीचे सर. बायोलॉजीत एका अनोळखी तरुणाचा टाय लावलेला फोटो, खाली लिहिलेलं, ‘थेट कोट्याहून’. मॅडमचा फोटो हॉस्टेलच्या कागदाला टाचणीनं लावलेला होता. ‘घरगुती जेवण, शिस्त आणि मायेची देखरेख.’

मी कागद पुन्हा वाचला. "सर, बायोलॉजीत मॅडमचं..."

"नव्या वर्षापासून हे सर घेणार. बाजारात आता कोट्याच्या क्लासांचं नाव लागतंय, ताई. लोक फोटो बघून येतात." मग आवाज खाली आणून म्हणाले, "मॅडमला मी सांगतो सवडीनं. तुम्ही काही बोलू नका."

मी मान हलवली. पण त्या दिवसापासून मॅडमच्या पावलांचा आवाज आला की माझा हात आपोआप माऊसवर जायचा आणि मी पडद्यावरचं पान बदलायचे. त्या रोज सकाळी वर्गाला जाताना माझ्याकडं डोकावत. कधी वसतिगृहात मुरमुरे भिजवून, फोडणी देऊन केलेल्या सुशील्याची वाटी ठेवून जात. ती मला गोड लागेना. सर सांगतील, आज सांगतील, असं म्हणत मी दिवस काढत होते आणि मॅडम रोज त्याच सहजतेनं विचारत होत्या, "झालं का गं तुझं ते टॅबचं?"

एका शनिवारी दुपारी सर बँकेत गेले होते. मॅडम वर्ग संपवून आल्या, हाताला खडू तसाच होता, आणि माझ्या शेजारी बसल्या.

"दाखव बरं."

मी फिजिक्स दाखवलं. मग केमिस्ट्री. तिथं मी उगाच जास्त थांबले, अक्षराचा आकार, रंग, काहीबाही सांगत राहिले. मॅडम ऐकत होत्या. मग त्यांनी माझ्या हाताखालून माऊस हळूच काढून घेतला आणि तिसरा टॅब दाबला.

तो टायवाला तरुण पडद्यावर आला. मॅडमनी नाव वाचलं, पदव्या वाचल्या. त्यांचा चेहरा मला बाजूनं दिसत होता आणि त्यावर काहीच हललं नाही. मग त्यांनी चौथा टॅब दाबला. स्वतःचा फोटो बघितला. वसतिगृहाच्या स्नेहसंमेलनातला होता तो, हातात वाढायचा मोठा चमचा.

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"पंधरवडा झाला असेल. सर म्हणाले, मी सांगतो."

"बरं," त्या म्हणाल्या. खडूचा हात पदराला पुसला, उठल्या आणि पुढचा तास घ्यायला गेल्या. मी कान देऊन बसले होते. त्या दिवशी मूत्रपिंड होतं. आवाजात कुठं काही फरक नव्हता आणि त्याचीच मला भीती वाटत होती.

तास संपल्यावर त्या परत आल्या, पण बसल्या नाहीत. "उद्या नांदेडच्या पालक-मेळाव्यात हेच दाखवणार आहेस ना?"

"हो. पेनड्राईव्हवर घेतलंय. तिथं नेट नाही."

"त्या चौथ्या भागातलं माझं सगळं काढून टाक. फोटो, नाव, मायेची देखरेख, सगळं."

"मॅडम, मग तिथं काहीच राहणार नाही. टॅब असेल आणि खाली कोरं."

"असू दे कोरं. नाव माझं आहे. ते कुठं लावायचं हे मला कुणी विचारलं नाही, तर काढायला मी कुणाला विचारू?"

"सरांना?"

"ते मी सांगते. तू नको सांगू."

मी काढलं. मला ते करताना भीती वाटली, पण चूक करतेय असं वाटलं नाही, आणि आजही वाटत नाही. भीती दुसरीच होती. दोघांनीही मला ‘मी सांगतो’, ‘मी सांगते’ म्हटलं होतं, आणि कोण कुणाला काय बोललंय हे मला कळायला मार्ग नव्हता. घरी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "नवरा-बायकोच्या मधी तू कशाला? उद्या दोघं एक होतील आन् तुला घरी बसवतील."

मेळावा नांदेडला एका मंगल कार्यालयात होता. आम्ही सकाळी जीपनं निघालो. पुढं ड्रायव्हरजवळ सर, मागं मॅडम आणि मी, माझ्या मांडीवर भाड्याच्या प्रोजेक्टरची पेटी. सर खुशीत होते. कुठल्या गावचे पालक येणार ते मागं वळून वळून सांगत होते. माहूरकडचे आहेत, नायगावचे तर बरेच, जळकोटचे एकजण मुद्दाम तिकडून येणार. मॅडम खिडकीबाहेर बघत ‘हं’ म्हणत होत्या. त्यांनी सांगितलंय की नाही? सांगितलं असेल तर सर एवढे खुशीत कसे? आणि नसेल तर?

लोह्याला चहाला थांबलो. सर पान आणायला टपरीवर गेले, तेव्हा मी हळूच विचारलं, "मॅडम, बोललात का?"

त्यांनी कप खाली ठेवला. "काल रात्री जेवताना म्हटलं, माझ्याशी काही बोलायचंय का तुम्हाला. म्हणाले, मेळावा होऊ दे, मग निवांत बोलू. मग मीही म्हटलं, होऊ दे."

म्हणजे सरांना काहीच माहीत नव्हतं. अजून वेळ होता. मी टपरीपर्यंत गेले असते आणि एक वाक्य बोलले असते तर पुढचं काहीच घडलं नसतं. सर पान चघळत परत आले, त्यांनी माझ्याकडं बघून विचारलं, "काय ताई, सगळं तयार हाय ना?" मी म्हणाले, "हो सर."

कार्यालय भरलं होतं. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला, मुलं-मुली मधे अवघडून बसलेली. मॅडम पहिल्या रांगेत. मी पडद्याच्या बाजूला टेबलाशी. प्रोजेक्टरचा पंखा घुरघुरत होता आणि पडद्यावर चार टॅब एवढे मोठे दिसत होते की शेवटच्या रांगेतल्या आजोबांनाही वाचता आले असते.

सर छान बोलायचे. हशा, टाळ्या, मधेच एखादं उदाहरण. "ताई, फिजिक्स." मी दाबलं. "केमिस्ट्री." दाबलं. "बायोलॉजी." तो तरुण पडद्यावर आला आणि सर म्हणाले, "यंदापासून बायोलॉजीला थेट कोट्याचे सर."

काहींनी टाळ्या वाजवल्या. बायकांच्या बाजूनं कुजबुज झाली आणि एक बाई उभी राहिली. नायगावची होती. तिच्या शेजारी तिची मुलगी तिचा पदर ओढून तिला खाली बसवत होती.

"सर, माझी थोरली मॅडमच्या हाताखाली शिकली. आता ती औरंगाबादला डॉक्टरकीला हाय. म्हणून धाकटीला घेऊन आले. मॅडम शिकवणार न्हाईत का?"

"मॅडम हाईत की," सर हसले. "मुलींचं सगळं त्याच बघणार. ताई, हॉस्टेल उघडा."

मी मॅडमकडं बघितलं. त्या पडद्याकडं बघत होत्या. मी चौथा टॅब दाबला.

पडदा पांढरा झाला. वर टॅबची नावं तेवढी, खाली काही नाही.

"उघडलं न्हाई का?" सर म्हणाले.

"उघडलंय, सर."

"मग पुन्हा दाबा."

मी पुन्हा दाबलं. पांढरंच. मागून कुणीतरी म्हणालं, लाईट गेली का? सर माझ्या दिशेनं दोन पावलं आले, तेवढ्यात मॅडम उठल्या आणि लोकांकडं तोंड करून उभ्या राहिल्या. माईक घेतला नाही. त्यांना तो लागायचाच नाही.

"मशीन बिघडलेलं नाही," त्या म्हणाल्या. "माझी माहिती मी काढायला सांगितली. क्लासला भिंती नव्हत्या तेव्हापासून मी बायोलॉजी शिकवते. यापुढं मी ते शिकवणार नाही, हे मला काल दुपारी या पानावरून कळलं. तुम्ही मुली माझ्या भरवशावर ठेवता. म्हणून प्रवेश घ्यायच्या आधी सांगते, मी वसतिगृहही बघणार नाही. नंतर कुणी म्हणू नये की आम्हाला फसवलं."

त्या खाली बसल्या. पुरुषांमधून एकानं, रागानं नव्हे, खरंच कळत नसल्यासारखं विचारलं, "मग पोरी कुणाच्या भरवशावर ठेवायच्या, सर?"

सर पांढऱ्या पडद्यासमोर उभे होते, उजेड त्यांच्या अर्ध्या चेहऱ्यावर पडला होता. "दहा मिनिटं चहा घेऊ," ते म्हणाले.

मागच्या खोलीत, वधूपक्षासाठीच्या आरशासमोर आम्ही तिघं उभे होतो. मी बाहेर जायला लागले तर मॅडम म्हणाल्या, "थांब." सर माझ्याकडं वळले, "तुम्हाला माहीत होतं, ताई?"

"तिला काही बोलू नका," मॅडम म्हणाल्या. "तिचं काम तिनं केलं."

"घरात बोलता आलं नसतं का तुला? चारचौघांत माझी शोभा केलीस."

"तुम्हालाही घरातच सांगता आलं असतं."

सर खुर्चीवर बसले. "अगं, ते नाव लावायलाच लागतंय आता. सगळे लावून राहिले. तुझं काय कमी झालं असतं? क्लास तुझाच, घर तुझंच."

"मुलींना मी उद्यापासून काय विचारायचं? वरण कसं झालंय?"

चहाचे कप तसेच राहिले. मग सर उठले, रुमालानं तोंड पुसलं, बाहेर जाऊन माईक हातात घेतला आणि म्हणाले, "बायोलॉजी मॅडमच शिकवतील. काळजी करू नका." टाळ्या पडल्या, मघापेक्षा जास्त. नायगावच्या बाईनं मुलीच्या पाठीवर थाप मारली. मी सुटल्यासारखा श्वास घेतला आणि मॅडमकडं बघितलं. त्या टाळ्या वाजवत नव्हत्या.

परतीच्या वाटेवर ड्रायव्हरनं गाणी लावली नाहीत. अहमदपूर मागं पडल्यावर सर पुढं बघतच म्हणाले, "झालं ना आता तुझ्या मनासारखं?"

"तुम्ही पुन्हा मला न विचारता सांगितलंत," मॅडम म्हणाल्या.

सर मागं वळले. मला वाटलं, आता भांडण होणार. पण ते मॅडमकडं नुसते बघत राहिले, गणित चुकलंय हे कळतंय पण कुठं ते कळत नाही, असे. मग पुढं वळले.

सोमवारी ते माझ्याजवळ येऊन बसले. "बायोलॉजीच्या भागात मॅडमचं घाला. लिहा, मी सांगतो." त्यांनी नाव सांगितलं. मग पदवी. मग थांबले. "एम्‌एस्सी... औरंगाबाद का नांदेड? वर्ग कोणता..." मी बोटं की-बोर्डवर ठेवून वाट बघत होते. शेवटी ते म्हणाले, "तुम्हीच विचारा तिला," आणि उठून वर्गावर गेले.

मी विचारलं तर मॅडमनी सगळं सांगितलं. विद्यापीठात त्यांचा दुसरा नंबर होता. तो भाग मी भरला. आधीच ठरल्यामुळं कोट्याचे सरही आले. लाजरे होते, मॅडमच्या तासाला मागच्या बाकावर बसून त्यांच्या आकृत्या उतरवून घ्यायचे. एक सत्र राहिले आणि परत गेले. वसतिगृहाला मॅडमनी दुसरी बाई शोधून दिली, पण स्वतः तिकडं पाऊल ठेवलं नाही. हातातली बॅच त्यांनी परीक्षेपर्यंत नेली. मग सरांना म्हणाल्या, मी नांदेडला क्लास काढते.

गावात चर्चा झाली. माझ्या सासूबाई म्हणाल्या, मोडला संसार. मला सरांनी कामावरून काढलं नाही, पण पहिल्यासारखं ‘ताई, बघा जरा’ म्हणत जवळ येऊन बसायचे, ते थांबलं. पुढं साईट पुण्याच्या कंपनीला गेली आणि मी एका शाळेत कॉम्प्युटर शिकवायला लागले.

मॅडमच्या नांदेडच्या क्लासचा पहिला दिवस मी बघितला, कारण मी माहेरी होते. दोन खोल्या, नवा फळा, बाहेर पालकांच्या चपलांची रास. मी मागं जाऊन बसले, तर शेवटच्या खुर्चीवर सर. लातूरहून पहाटेच मॅडमबरोबर आले होते. माझ्याकडं बघून त्यांनी मान हलवली. शेजारच्या एका पालकानं त्यांना विचारलं, "तुमची मुलगी कितवीला हाय?"

"न्हाई," सर म्हणाले. "मी मॅडमला सोडायला आलोय."

"मग आता जाणार?"

"तास होऊ दे," सर म्हणाले, आणि आतून मॅडमचा आवाज आला तशी त्यांनी खुर्ची थोडी पुढं ओढली.